क्षमा झाली, क्षमापन बाकी

अग्नी, चाक आणि इ-मेल या तीन शोधांनी मानवजातीचं भवितव्य बदललं, आणि त्यातला तिसरा शोध साऱ्या जगाचं एक कुटुंब करणार आहे, असं सूर्यकांत आठल्ये दर रविवारी चहाच्या वेळी सांगत. ते सांगत असतानाच त्यांच्या पत्नी शुभदाताई बहिणीला फोन लावायला आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलत, इंटरनेटची लाइन तुटे, आणि जगाच्या कुटुंबातून आठल्यांचं कुटुंब तेवढं बाहेर पडे.

आठल्ये पुण्याहून बंगळूरला आले ते सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीसाठी. जे. पी. नगरात भाड्याचा फ्लॅट, घरात संगणक एक, फोन एक आणि इ-मेलचा पत्ताही एकच. एका घराला एकाहून जास्त पत्ते कशाला लागतील, पोस्टमन काय माणशी वेगळा येतो का, असं सूर्यकांतरावांचं म्हणणं. त्या एका पत्त्यावरून शुभदाताई बहिणीला पदार्थांच्या कृती पाठवत आणि दहावीतली मुलगी मुग्धा मैत्रिणीला विनोद पाठवी. कोणीही काहीही पाठवलं तरी खाली आपोआप उमटायचं : ‘आपला नम्र, सूर्यकांत आठल्ये, वरिष्ठ व्यवस्थापक’. पुण्यात बसलेल्या मेहुणीला अळूवडीच्या कृतीखाली वरिष्ठ व्यवस्थापकांची नम्रता दिसे आणि ती हसून लोळत असे. याहून मोठा अनर्थ त्यातून होईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

एकोणीसशे नव्याण्णवचा तो ऑगस्ट. परक्या गावात मराठी माणसं एकत्र आली की मंडळ काढतात, आणि मंडळ निघालं की अध्यक्ष निघतोच. ‘दक्षिण बंगळूर स्नेहसंवर्धक मराठी मंडळा’चे अध्यक्ष हयवदनराव गलगली मूळचे विजापूरकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. घरी कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली. माणूस वाईट नव्हता. शेजाऱ्याच्या मुलाला दवाखान्यात पोचवायला पहाटे उठणारा होता. पण हातात माइक आला की त्याच्यातला शेजारी कुठे जायचा ते कळत नसे.

त्या वर्षी मंडळानं काळाबरोबर राहायचं म्हणून एक सामायिक इ-मेल पत्ता काढला. त्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र सगळ्या सभासदांच्या घरी पोचे. हयवदनराव रोज सकाळी त्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी सुविचार धाडत. ते वाचताना ‘पाट’ की ‘पाठ’, ‘मान’ की ‘माण’ याचा उलगडा होईपर्यंत विचारातलं सु निघून जायचं.

आणि याच मंडळात एक प्रथा रुजली होती. तिला ‘क्षमापन’ म्हणत.

ही प्रथा कुठल्या पोथीत नाही. आदल्या वर्षीच्या गणपतीत मल्हार नावाच्या एका मुलानं इंटरनेटवरच्या गप्पांत वडिलांच्या मित्राची नक्कल केली, ती त्या मित्राच्याच मुलानं वाचली. मल्हारच्या वडिलांनी त्याला आरतीनंतर स्टेजवर नेऊन कान धरायला लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांना आजवर आयुष्यात टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून इतर बापांनाही आपापल्या मुलांचे अपराध आठवू लागले. मकरसंक्रांतीला आसावरी नावाच्या मुलीनं मंडळाच्या वेबसाइटवर ‘काकूंचा नाट्यप्रवेश बोअर होता’ असं लिहिल्याबद्दल त्याच काकूंच्या पाया पडून क्षमा मागितली. काकूंनी तिला जवळ घेतलं, कॅमेऱ्याकडे बघत. तेव्हापासून कार्यक्रमपत्रिकेत ‘आरती, क्षमापन, अल्पोपाहार’ असा कायमचा क्रम पडला. भजनाला खुर्च्या रिकाम्या राहत, नाटकाला अर्ध्या. क्षमापनाला मात्र लोक भिंतीला टेकून उभे असत. इंटरनेटनं मुलं बिघडतात, त्यांना वेळीच चार लोकांत वाकवावं लागतं, असं सगळे म्हणत. मल्हारला आता कोणी मराठीत काही विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देतो आणि निघून जातो. संस्कार लागले, असं त्याचे वडील सांगतात.

तर त्या ऑगस्टमधल्या एका सकाळी हयवदनरावांचं पत्र आलं : यंदा गणेशोत्सवात ‘आजची पिढी आणि नम्रता’ या विषयावर अध्यक्षांचं भाषण होईल, ते नेहमीपेक्षा सविस्तर असेल. मुग्धानं शाळेत जाण्यापूर्वी ते वाचलं. इंदिरानगरात राहणाऱ्या अंजली नावाच्या मैत्रिणीनंही वाचलं असणार, म्हणून तिला चार शब्द लिहावेत असं मुग्धाच्या मनात आलं. तिनं उत्तराचं बटण दाबून वर अंजलीचा पत्ता घातला. मंडळाचा पत्ता तिथं आधीच उमटलेला असतो आणि पत्र तिकडेही जातं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं लिहिलं :

‘गणपतीचं विसर्जन दहाव्या दिवशी होतं. हयवदन काकांचं कधी?’

खाली आपोआप उमटलं : ‘आपला नम्र, सूर्यकांत आठल्ये, वरिष्ठ व्यवस्थापक’.

वाक्य उद्धट होतं यात शंका नाही. साठी उलटलेल्या माणसाच्या विसर्जनाची चौकशी करू नये. पण दुपारपासून आठल्यांच्या ऑफिसात जे फोन येऊ लागले, ते वाक्याहून बघण्यासारखे होते.

‘‘आठल्ये, हसून हसून मेलो हो! बायकोला वाचून दाखवलं.’’

‘‘सूर्यकांतराव, शंभर टक्के पटलं. पण लिहायचं नसतं हो असं. आमच्यासारखं मनात म्हणायचं.’’

‘‘अहो, धाडस आहे तुमचं. माझं नाव कुठे घेऊ नका, पण धाडस आहे.’’

सूर्यकांतराव संध्याकाळी घरी आले ते पांढरेफटक पडून. संगणक उघडला, वाक्य वाचलं, मुलीला हाक मारली. मुग्धानं एकदा पडद्याकडे पाहिलं आणि कबूल केलं.

‘‘बाबा, मला वाटलं अंजलीला एकटीलाच जाईल.’’

‘‘म्हणजे अंजलीला एकटीला असं लिहिलेलं चालतं?’’

‘‘नाही चालत. पण... विनोद होता तो.’’

‘‘माझ्या नावानं विनोद! मी उद्या त्या माणसाला तोंड कसं दाखवू?’’

तोंड दाखवायची वेळ उद्यापर्यंत थांबली नाही. रात्री जेवायच्या आधीच हयवदनरावांचा फोन आला. आवाज शांत होता. शांत आवाज फार महाग पडतो.

‘‘आठल्ये, मी काय केलो तुम्हाला? माझ्या मरणाची वाट बघायलात?’’

‘‘छे छे, हयवदनराव! मी नाही लिहिलं ते. मुलीनं लिहिलंय. शपथ घेऊन सांगतो.’’

‘‘सगळे असंच म्हणतात, मुलांनी लिहिलं म्हणून. लोक मला विचारायलेत, आठल्ये पुढच्या वर्षी अध्यक्ष व्हायचं बघायलेत काय म्हणून.’’

‘‘देवाशप्पथ नाही हो!’’

‘‘सरी, ठीक आहे. मग मुलगीनं लिहिलं हे मंडळाला दिसू दे की. क्षमापनात येऊ दे तिला. तुमचं नाव साफ, माझं मन साफ.’’

सूर्यकांतराव ‘हो’ म्हणाले. मुलीच्या अपराधाची शिक्षा मुलीला मिळावी म्हणून म्हणाले असते तरी एक वेळ समजलं असतं. ते ‘हो’ म्हणाले ते आपण निरपराध आहोत याचा पुरावा पाहिजे म्हणून, आणि तो पुरावा हाडामांसाचा, दहावीत शिकणारा, घरातच उपलब्ध होता.

फोन ठेवल्यावर शुभदाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात लाटणं तसंच.

‘‘तिला काय शिक्षा करायची ती मी करीन. इंटरनेट महिनाभर बंद. उद्या मी तिला त्यांच्या घरी घेऊन जाते, समोर उभं राहून माफी मागेल ती. स्टेजवर नाही.’’

‘‘घरात केलेली शिक्षा कोणाला दिसणार आहे, शुभदा?’’

‘‘तिला दिसेल ना.’’

‘‘आणि मंडळाला?’’

‘‘मंडळाला कसला अपराध केलाय तिनं? निम्म्या मंडळानं तुम्हाला शाबासकी दिली म्हणालात.’’

सूर्यकांतरावांनी आवाज चढवला. ‘‘तुला कळत नाहीये. परक्या गावात राहायचंय आपल्याला. आपली माणसं म्हणून एवढीच आहेत.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शुभदाताई मुग्धाला रिक्षात घालून हयवदनरावांकडे घेऊन गेल्याच. हयवदनराव बनियनवर होते, व्हरांड्यात पायाला तेल चोळत बसले होते. माइक नसला की हा गृहस्थ अगदीच वेगळा दिसे. मुग्धा समोर उभी राहिली. रडली नाही, घाबरली होती.

‘‘काका, मी ते वाईट लिहिलं. तुम्ही मरावं असं मला नव्हतं म्हणायचं. भाषण लांब असतं एवढंच म्हणायचं होतं. सॉरी.’’

हयवदनरावांच्या पत्नी पद्मक्का आतून ताकाचे पेले घेऊन येत होत्या. त्या दारातच खुदकन हसल्या. ‘‘भाषण लांब असतं हे खरं हो. मी चाळीस वर्षं ऐकायलोय.’’

हयवदनराव आधी बायकोकडे रागानं बघत राहिले आणि मग, आश्चर्य म्हणजे, स्वतःच हसले. मुग्धाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘बस बाळ. मीपण तुझ्याएवढा असताना हेडमास्तरांना रेडा म्हणलेलो. ताक पी. मी क्षमा केलो.’’

शुभदाताईंचा जीव भांड्यात पडला. ताक झालं, चिवडा झाला. निघताना त्या म्हणाल्या, ‘‘मग आता त्या कार्यक्रमाचं राहिलं ना?’’

‘‘ते कसं राहील?’’ हयवदनराव खरोखरच गोंधळले. ‘‘क्षमा मी केलो. पण क्षमापन तर व्हायलाच पाहिजे की. पत्रिका छापायला गेली.’’

‘‘अहो, पण तुम्ही माफ केलंत तिला!’’

‘‘मी घरात केलो ताई. लोकांना काय माहीत?’’

दोघा पुरुषांची भेट न होताही त्यांचं इतकं एकमत झालेलं बघून शुभदाताईंनी चपला पायांत सरकवल्या. रिक्षात मुग्धानं विचारलं, ‘‘आई, बाबा नाही म्हणतील ना आता?’’ शुभदाताईंनी तिचा हात धरला.

बाबा नाही म्हणाले नाहीत. ‘‘एकदा जायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, संपलं. मल्हार मेला का? आसावरी मेली का?’’ असं म्हणाले. मेलं नाही म्हणजे काही झालं नाही, हा आपल्याकडचा हिशेब फार जुना आहे.

गणेशोत्सवाचा कार्यक्रम जयनगरातल्या एका कल्याण मंटपात, म्हणजे आपल्या मंगल कार्यालयात, होता. आरती झाली. लोकांनी अल्पोपाहाराच्या बशा आधीच हातात घेतल्या होत्या, कारण क्षमापन संपेपर्यंत भजी गार होतात असा अनुभव होता. मंडळानं व्हिडिओ शूटिंगसाठी नागराज नावाचा फोटोग्राफर ठरवला होता. त्याच्या मदतनिसानं प्रखर दिवा मुग्धाच्या तोंडावर धरला. तिनं निळं परकर-पोलकं घातलं होतं. तिच्या वडिलांनीच निवडून दिलं होतं, साधं दिसावं म्हणून.

हयवदनराव नम्रतेवर बोलले. सविस्तर बोलले. मग मुग्धाकडे वळले.

‘‘बोल बाळ.’’

‘‘मी... मी हयवदन काकांबद्दल इ-मेलवर जे लिहिलं, त्याबद्दल...’’

‘‘ऐकू येत नाही मागे!’’ भिंतीजवळून एक काकू ओरडल्या. तोंडात भजं होतं. ‘‘माइक जवळ घे गं!’’

तिनं माइक जवळ घेतला. पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा एक आवाज आला, ‘‘काय लिहिलं होतं ते तरी कळू दे आम्हाला!’’ हा आवाज ज्या गृहस्थांचा होता त्यांनी त्या दिवशी आठल्यांना ऑफिसात पहिला फोन केला होता. बायकोला वाचूनही त्यांनीच दाखवलं होतं.

हयवदनरावांनी मान हलवली. मुग्धानं वाक्य म्हणून दाखवलं. साऱ्या सभेतून हसू फुटलं. ते हसू लगेच खोकल्यात नेलं गेलं. एवढ्या माणसांना एकाच वेळी भज्याचा ठसका लागलेला यापूर्वी कोणी पाहिला नसेल. हयवदनरावांचा चेहरा तांबडा झाला.

‘‘कान धर,’’ ते म्हणाले. आवाज ताकाच्या दिवसाचा नव्हता.

तिनं कान धरले. मग उठाबशा. मग मंडळाच्या कार्यकारी समितीच्या पायांवर डोकं टेकणं. समिती रांगेत बसली होती. एका सभासदानं आशीर्वाद देण्यापूर्वी हाताचं तेल रुमालाला पुसलं. दुसऱ्यानं पुसलं नाही. तिसरे एक वयस्कर गृहस्थ तिला ‘थांब हं’ म्हणाले, सावकाश वाकून बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत कोंबले आणि मग दोन्ही पाय पुढे केले. त्या पायांवर ती वाकली. लोक टाळ्या वाजवत होते. बशा मांडीवर ठेवून वाजवत होते, म्हणून आवाज जरा ओला येत होता. पहिल्या रांगेतली लहान मुलं आईच्या मांडीवरून हे सगळं टक लावून पाहत होती आणि शिकत होती. काय शिकत होती ते त्यांच्या आयांना पुढं दिसेलच.

सूर्यकांतराव दुसऱ्या रांगेत होते. शेजारच्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. ‘‘सुटलात.’’ आणि खरोखर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. हे त्यांनी पुढं स्वतःच शुभदाताईंना सांगितलं, नाहीतर कोणाचा विश्वास बसला नसता.

तेवढ्यात नागराज कॅमेरा खाली घेऊन स्टेजजवळ आला. ‘‘सर, स्वल्प प्रॉब्लेम. कॅसेट मुगीतु. संपली कॅसेट. भाषणातच संपली.’’

‘‘म्हणजे हे घेतलं नाहीस?’’

‘‘इल्ला सर. नवीन घातलो आता. एकदा पुन्हा केलं तर...’’

हयवदनरावांनी घड्याळ पाहिलं. मग मुग्धाकडे वळून, अगदी मायेनं, जसं ताक दिलं होतं तसंच, म्हणाले, ‘‘सरी. बाळ, एकदा परत. पहिल्यापासून नको. कानापासून चालेल.’’

मुग्धानं आईकडे पाहिलं नाही, बापाकडेही पाहिलं नाही. दिव्याकडे तोंड केलं आणि तिचे हात आपोआप कानांकडे गेले. कोणी पुन्हा सांगायची वाटसुद्धा तिनं पाहिली नाही. महिन्यापूर्वी प्रत्येक गोष्टीवर दोन प्रश्न विचारणारी पोर, आणि आता सर्कशीतल्या जनावरासारखी शिट्टी झाली की तयार.

सूर्यकांतरावांची खुर्ची मागे पडली. ते स्टेजवर कसे चढले ते त्यांना आठवत नाही. त्यांनी आधी मुलीचे दोन्ही हात कानांवरून खाली घेतले. ते हात गार होते.

‘‘ती परत करणार नाही.’’

‘‘आठल्ये, दोन मिनिटांचं काम आहे की...’’

‘‘एकदा केलं तेच करायला नको होतं. तुम्ही तिला घरी माफ केलंत ना हयवदनराव? ताक पाजून?’’

‘‘केलो. पण...’’

‘‘मग आज कशासाठी?’’ ते माइककडे वळले. ‘‘ते वाक्य वाचून मला ज्यांनी ज्यांनी फोन केला, ‘पटलं’ म्हणाले, त्यांनी हात वर करा.’’

एकही हात वर झाला नाही. बऱ्याच जणांचे हात बशीत होते. मघाशी तोंडात भजं घेऊन ओरडलेल्या काकूंनी मात्र आपल्या नवऱ्याकडे एकदा निरखून पाहिलं. पद्मक्का उठल्या, नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि टेबलावर आडवा ठेवला. ‘‘पुरे झालं हो,’’ एवढंच म्हणाल्या. लोक चुळबुळले. नागराजनं दिवा बंद करायला सांगितलं.

बाहेर फुटपाथवर हारवाल्यांचा गलका होता. सूर्यकांतराव मुलीचा हात धरून चालत होते. शुभदाताई मागून आल्या.

‘‘कॅसेट संपली नसती तर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘शुभदा...’’

‘‘नाही, सांगा. पहिल्यांदा चाललं होतं तेव्हा कुठे होतात? दुसऱ्या रांगेतच ना?’’

सूर्यकांतरावांच्यात एकदम वारं शिरल्यासारखं झालं. ते रस्त्यातच थांबले. ‘‘बरोबर आहे तुझं. हे मी केलंय, आणि हे मीच बंद करणार. ही घाण आहे घाण! आपली अब्रू धुवायला पोरांना फडकं करायचं. उद्याच मंडळाच्या पत्त्यावर लिहितो, सगळ्यांना. माझ्या सहीनं. मुग्धाची जाहीर माफी मागतो. पुढच्या कार्यक्रमात त्याच स्टेजवर चढतो, मी कान धरतो, बघू दे साऱ्या मंडळाला! मल्हारच्या बापाला बोलवतो, आसावरीच्या बापाला बोलवतो. वर्तमानपत्रात लेख देतो. एका तरी मंडळात पुन्हा हे होता कामा नये. मुग्धा, ऐकतेस ना? मी सगळ्यांच्या समोर...’’

त्यांचा आवाज चढला होता. हार विकणाऱ्या बाईनं मान वळवली. फुटपाथवरचे दोघे-तिघे थांबून बघू लागले.

मुग्धानं त्यांची बाही ओढली.

‘‘बाबा, प्लीज. इथंच म्हणा ना सॉरी. हळू.’’